ऑलिम्पिकच्या मैदानावर धावले कुत्रे!

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनवर ‘व्हाइट सिटी’ नावाचे स्टेशन आहे. नाव वाचून एखादे शुभ्र नगर दिसेल म्हणून बाहेर पडावे, तर समोर येतात काचेच्या कचेऱ्या. ते नगर १९०८ सालच्या प्रदर्शनातले. प्रदर्शनाच्या पांढऱ्या इमारतींवरून वस्तीला नाव पडले आणि शेजारीच ऑलिम्पिकसाठी भव्य स्टेडियम उभे राहिले. त्यात सुमारे ६८ हजार प्रेक्षक मावत.

मॅरेथॉनचे आजचे ४२.१९५ किलोमीटर अंतर येथलेच. विंडसरच्या राजवाड्यापासून या स्टेडियममधील राजघराण्याच्या सज्जापर्यंतचे हे अंतर पुढे १९२१ साली कायम झाले. इटलीचा दोरांदो पिएत्री याच मैदानात कोसळत, उठत, दुसऱ्यांच्या आधाराने पहिला आला आणि त्या आधारापायीच बाद ठरला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला चषक देऊन गौरविले.

ऑलिम्पिक संपले आणि मैदानाला उतरती कळा लागली. अखेर त्याला तारले ते कुत्र्यांनी! विजेवर पळणाऱ्या यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड कुत्रे सोडायचे आणि प्रेक्षकांनी पैजा लावायच्या, हा अमेरिकेतून आलेला खेळ. १९२६ मध्ये तो मँचेस्टरला सुरू झाला आणि १९२७ मध्ये व्हाइट सिटीत आला. दिवसभर राबणाऱ्या कामगाराला घोड्यांच्या दुपारच्या शर्यती कुठून परवडणार? ही शर्यत मात्र संध्याकाळी, घराजवळ, दिव्यांच्या झगमगाटात. साहजिकच गर्दी लोटली.

या गर्दीचा लाडका ‘मिक द मिलर’. आयर्लंडमधील एका पाद्रीबाबांचा हा कुत्रा पिल्लूपणी जीवघेण्या आजारातून वाचला होता. त्याने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे येथील डर्बी जिंकली. चित्रपटातही तो झळकला. पेंढा भरलेले त्याचे शरीर आजही ट्रिंगच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

१९२८ पासून येथे स्पीडवेची मोटारसायकलीही घुमली. चार स्वार, चार फेऱ्या आणि गाडीला ब्रेकच नाही! १९३४ च्या साम्राज्य क्रीडास्पर्धांतील मैदानी शर्यतीही येथेच झाल्या. भारताने त्या स्पर्धांत प्रथमच भाग घेतला होता.

कुत्र्यांचा मान किती? १९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीने आपली ठरलेली कुत्र्यांची शर्यत रद्द करायला नकार दिला, तेव्हा उरुग्वे-फ्रान्स फुटबॉल सामना व्हाइट सिटीत हलवावा लागला.

पण तोवर काळ बदलला होता. १९६१ पासून गल्लोगल्ली पैजेची अधिकृत दुकाने उघडली. मैदानात न जाताही पैसे लावता येऊ लागले आणि गर्दी ओसरत गेली. १९७७ मध्ये व्हाइट सिटीच्या स्पीडवे संघाने ब्रिटिश लीग जिंकली. तरीही पुढच्याच वर्षी त्याला येथला मुक्काम हलवावा लागला. सप्टेंबर १९८४ मध्ये शेवटचे कुत्रे धावले, १९८५ मध्ये स्टेडियम पाडले आणि त्या जागेवर बीबीसीची इमारत उभी राहिली. डर्बी विम्बल्डनला गेली. तेथील मैदानही २०१७ मध्ये बंद पडले.

आता फरसबंदीवर १९०८ च्या अंतिम रेषेची खूण तेवढी जपली आहे. ऑलिम्पिक येथे एका मोसमापुरते होते. पुढची ५७ वर्षे हे मैदान जगविले ते कामावरून सुटून, खिशातली चिल्लर चाचपत येणाऱ्या साध्या माणसांनी. त्या रेषेपाशी उभे राहिल्यावर पिएत्रीबरोबर त्यांचीही आठवण काढायला हवी.