थोरली पाती, धाकटी पाती

जूनची शाळेची सुट्टी जवळ आली की आमच्या घरात दरवर्षी एकच वाद रंगतो. आम्हां दोघांना कोकणात जायचं असतं आणि मुलांना कुठेही, पण कोकण सोडून. "तिथे जूनमध्ये नुसता पाऊस असतो," हे त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नाही. गेल्या वर्षी मात्र आम्ही वाद न घालताच हार पत्करली. मुलांना वाटलं, आई-बाबा सुधारले! खरं कारण वेगळंच होतं. खरं कारण होतं आमची विहीर.

ही विहीर आमच्या दापोली तालुक्यातल्या घरामागे, आगरात आहे. पणजोबांनी खणलेली. आजोबांच्या वेळी वाटण्या झाल्या, मधे गडगा पडला. गडग्याच्या अल्याड धाकटी पाती, म्हणजे आम्ही. पल्याड थोरली पाती. विहीर नेमकी गडग्याच्या रेषेत आली, म्हणून ती सामाईक राहिली आणि तिच्यात कुणाचा हिस्सा किती, हे आजतागायत ठरलेलं नाही. कोर्टात तारखा पडताहेत. पाणी मात्र दोन्ही घरं भरतात, आपापल्या बाजूच्या रहाटाने.

मार्च महिन्यात थोरल्या पातीच्या दादाचा फोन आला. "अरे, बारा वर्षांत गाळ काढलेला नाही. पाण्याला वास मारतो. निम्मा खर्च तुम्ही द्या, आणि एक संमतीचा कागद पाठवतो त्यावर सही करा." आम्ही वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "सही केलीत तर त्यांचा निम्मा हिस्सा तुम्ही मान्य केलात असं उद्या कोर्टात म्हणतील. सध्या थांबा." आम्ही थांबलो. दादाचे आणखी दोन निरोप आले, त्यांनाही उत्तर दिलं नाही. आता गावी गेलो तर त्याला तोंड दाखवणं आलंच! तेव्हा लेकीने शाळेच्या प्रोजेक्टच्या नावाखाली "सबाला जाऊन कासवं बघू या" म्हटल्यावर आम्ही निमूटपणे मान डोलावली.

सिंगापूरहून विमानाने कोटा किनाबालू, तिथून दुसऱ्या लहानशा विमानाने सांडाकान. आमच्या घरात दोन रंगांचे पासपोर्ट आहेत, मुलांचे लाल आणि आमच्यातल्या एकाचा अजून निळा, त्यामुळे कुठल्याही इमिग्रेशनच्या रांगेत कुटुंबाची फाळणी होते. तुमच्यापैकी अनेकांना हा अनुभव असेलच. सांडाकानच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने सुमारे 40 किलोमीटर गेलं की सेलिंगान नावाचं इवलंसं बेट लागतं. सोबत अर्थातच चिवड्याचा डबा होता. बोटीच्या धक्क्यांनी त्यातल्या पोह्यांचा भुगा झाला तो भाग निराळा.

दुपारी वाळूत बसलो असताना तिथल्या एका रेंजरने समुद्रात बोट दाखवून सांगितलं, "ती पलीकडची बेटं दिसतात ना, ती फिलिपीन्सची." आम्ही चकित झालो. दुसरा देश इतका जवळ! इथे एकूण नऊ बेटं आहेत, तीन मलेशियाची आणि सहा फिलिपीन्सची. त्यांतल्या दोघांचं नाव एकच, बाक्कुंगान. धाकटं बाक्कुंगान मलेशियाकडे आणि थोरलं बाक्कुंगान फिलिपीन्सकडे. हे ऐकताच आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरली पाती, धाकटी पाती! मुलांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना.

या बेटांची कथाही आपल्या कोकणातल्या कुठल्याही घराण्यात शोभेल अशीच. 1878 साली सुलूच्या सुलतानाने उत्तर बोर्निओचा मुलूख युरोपीय व्यापाऱ्यांना एका कागदाने दिला. त्या कागदातल्या एका मलय शब्दावरून आजही भांडण आहे. एक बाजू म्हणते ते कायमचं खरेदीखत, दुसरी म्हणते तो नुसता भाडेपट्टा! पुढे 1930 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी नकाशावर रेघ ओढली, कारण तेव्हा फिलिपीन्स अमेरिकेच्या ताब्यात होतं आणि उत्तर बोर्निओ ब्रिटिश कंपनीच्या. रेघेपलीकडच्या सहा बेटांचा कारभार प्रत्यक्षात फिलिपीन्सच्या हाती आला तो 1947 साली. 1963 मध्ये सबा मलेशियात सामील झालं, तर या वादापायी दोन्ही देशांचे राजनैतिक संबंधच तुटले. ते पुन्हा जुळले, पण सबावरचा आपला दावा फिलिपीन्सने अधिकृतपणे आजही सोडलेला नाही.

आता गंमत अशी की कासवांना यातलं काहीच ठाऊक नाही. मादी अंडी घालते मलेशियाच्या वाळूत आणि समुद्रातलं गवत चरायला जाते फिलिपीन्सच्या नाही तर इंडोनेशियाच्या पाण्यात. इकडे बिल्ला लावलेली मादी तिकडे सापडते. मलेशियाने 1966 सालीच सेलिंगानवर अंडी जपून उबवण्याची हॅचरी सुरू केली, पुढे 1970 च्या दशकात तिन्ही बेटं खाजगी मालकांकडून घेऊन तिथे राखीव उद्यान केलं. पण पलीकडच्या बेटांवर माणसं राहतात आणि अंडी गोळा करून विकणं हा त्यांचा पिढीजात पोटाचा धंदा. तिकडची अंडी चोरून सांडाकानच्याच बाजारात यायची. म्हणजे एका हाताने जपायचं आणि दुसऱ्या हाताने विकत घ्यायचं!

यावर तोडगा निघाला तो 31 मे 1996 रोजी. दोन्ही देशांनी करार करून ही नऊच्या नऊ बेटं मिळून एकच संरक्षित क्षेत्र ठरवलं. समुद्री कासवांसाठी दोन देशांनी मिळून राखलेलं जगातलं हे पहिलंच क्षेत्र. लक्षात घ्या, सबाचा वाद तेव्हाही मिटला नव्हता. तो मिटेपर्यंत थांबू या असं ठरलं असतं, तर आज थांबायला माणसंच उरली असती, कासवं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर सगळ्या पाहुण्यांना एका खोलीत बसवून ठेवतात. किनाऱ्यावर जायला बंदी, दिवे नाहीत. मादी वर येऊन अंडी घालायला लागली की रेंजर बोलावतो, आणि रात्रीतून एकच कासव दाखवतात. नऊ वाजले, दहा वाजले. मुलगा पेंगायला लागला. साडेदहाच्या सुमारास हाक आली आणि आम्ही अंधारात, एकामागे एक, वाळू तुडवत निघालो.

शंभर किलोच्या वर वजनाचं ते हिरवं कासव आपल्या खड्ड्यात बसलं होतं. पिंगपाँगच्या चेंडूंसारखी पांढरी, ओली अंडी दोन-दोन, तीन-तीन करून पडत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रेंजर म्हणाला, ते रडणं नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ असं बाहेर पडतं. लेक भराभर टिपून घेत होती. आम्हाला मात्र एकदम गाव आठवलं.

आम्ही भावंडं लहान असताना, थंडीच्या दिवसांत पहाटे किनाऱ्यावर जायचो. दादा आम्हां सगळ्यांत मोठा. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा उमटलेला माग त्याला बरोबर ओळखता यायचा. तो काठी खुपसून बघायचा, टोक ओलं आलं की आम्ही हातांनी उकरायचो. शंभराच्या वर अंडी टोपलीत भरून बाजारात द्यायची आणि मिळालेल्या पैशांत शिमग्याची मजा करायची! यात काही चुकतंय असं तेव्हा गावात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या रात्री सेलिंगानच्या वाळूत आमच्या लेकीने हळूच विचारलं, "बाबा, तुमच्याकडे पण कासवं येतात?" येतात, म्हणालो. पुढचं सांगायला घरी परत येईपर्यंत धीर झाला नाही.

रेंजरने सगळी अंडी मोजली, बादलीत घेतली आणि हॅचरीत नवा खड्डा करून पुरली. वर जाळीचं कुंपण आणि तारखेची पाटी. पन्नास-साठ दिवसांनी पिल्लं निघतील. मग आधीच्या एका खड्ड्यातली पिल्लं टोपलीतून आणून वाळूवर सोडली. तळहाताएवढी सुद्धा नाहीत, पण अशी धावली की जणू पाण्याशी त्यांची भेट ठरलेली होती. रेंजरला विचारलं, ही परत कधी येणार? तो म्हणाला, "वाचली तर वीस-तीस वर्षांनी. या बेटावर येतील किंवा पलीकडच्या. कुठेही आली तरी आमचीच." ते "आमचीच" आम्ही कितीतरी वेळ चघळत बसलो.

सगळं गोड गोड आहे असं समजू नका. फिलिपीन्समध्ये 2001 च्या वन्यजीव कायद्याने अंडी गोळा करायला बंदी आली, पण बंदीने पोट भरत नाही, आणि अंड्यांची चोरटी वाहतूक त्यानंतरही पकडली गेली. हा समुद्रही धोक्याचा. 2000 साली याच सबाच्या सिपादान बेटावरून सशस्त्र टोळीने पर्यटकांना पळवून नेलं, आणि 2013 मध्ये त्या जुन्या दाव्यावरून सुलूहून आलेल्या माणसांशी लाहाद दातूत चकमकी होऊन रक्त सांडलं. असं झालं की गस्तीच्या बोटी बंदुकांमागे जातात आणि कासवं मागे पडतात. तरीही करार मोडला नाही. फिलिपीन्सच्या बागुआन बेटावर 2011 या एका वर्षात 14,000 हून अधिक घरटी मोजली गेली. जपलं तर वाढतं, हे त्या आकड्यातून दिसतं.

शेजाऱ्याशी जमवून न घेण्याची किंमत तर आपण सिंगापूरकरांनी श्वासातून मोजली आहे. 1997 चा धूर जुन्या मंडळींना आठवत असेल. जून 2013 मध्ये हवेच्या प्रदूषणाचा आकडा 401 वर गेला तेव्हा आम्ही खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. जळत होती शेजारच्या सुमात्रातली दलदलीची जंगलं, वाघांची घरं. धुराविरुद्धचा आसियान देशांचा करार 2002 चा, पण इंडोनेशियाने त्यावर शिक्कामोर्तब केलं 2014 मध्ये. उशीर झाला, पण झालं. ब्रुनेई, इंडोनेशिया आणि मलेशिया यांनीही 2007 साली बोर्निओच्या मधलं जंगल मिळून राखायचं ठरवलं. सह्या करून सगळं होत नाही हे खरं, पण सहीवाचून निदान बोलायला जागा तरी कुठे असते?

आणि आपल्याकडे? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो. लोक घरोघरी उतरतात, मोदक-भात खातात आणि पहाटे पिल्लं बघतात. अंड्यांपेक्षा पाहुण्यांत जास्त मिळतं, हे गावाला कळलं. ओडिशात 2021 साली बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये चक्क गुहागरच्या वाळूत अंडी घालून गेली! आमच्या टोपलीतून बाजारात गेलेली अंडी कुठकुठल्या समुद्रांची होती कोण जाणे.

परतीच्या वाटेवर सांडाकानच्या धक्क्यावर बोटीतून उतरताच आम्ही वकिलांना निरोप पाठवला. "सही करायची आहे. अशी वाट काढा की हक्काचा दावाही शाबूत राहील." दोन दिवसांत त्यांनी चार ओळी लिहून दिल्या, 'मालकी हक्काच्या चालू वादास कोणतीही बाध न येता' अशी सुरुवात असलेल्या. इतकं सोपं होतं ते! मग दादाला फोन केला. बराच वेळ दोघांनाही काय बोलावं सुचेना. शेवटी आम्हीच म्हटलं, "दादा, सेलिंगानला कासवं बघितली." तो म्हणाला, "माग कसा होता? रुंद?" आणि मग पुढचा अर्धा तास विहिरीचा विषयच निघाला नाही.

तोवर पाऊस लागला होता, म्हणून गाळ निघाला तो या मे महिन्यात. दादाने फोटो पाठवले आहेत. तळातून वीस-पंचवीस घमेली चिखल, दोन फुटक्या बादल्या आणि एक पितळी कळशी निघाली. कळशीवर पणजीचं नाव कोरलेलं आहे. खटला अजून चालू आहे, पुढची तारीखही लागली आहे. दादाने फोटोखाली लिहिलंय, "कळशी कुणाची, ते आता तुमच्या वकिलांना विचारू नका."

विचारलेलं नाही. या डिसेंबरात मुलांना घेऊन गावी चाललो आहोत. दादा म्हणतो, पहाटे किनाऱ्यावर यायचं असेल तर लवकर निजा.