परळचा अभ्यास आणि गोठ्यांतली परीक्षा

मुंबईंतल्या परळ भागाचें नांव निघालें म्हणजे कोणास गिरण्यांचे भोंगे आठवतात, तर कोणास इस्पितळें आठवतात. के. ई. एम., वाडिया, टाटा आणि पूर्वीच्या गव्हर्नरांच्या वाड्यांत वसलेली हाफकिन संस्था, अशीं रोगनिवारणाचीं मोठमोठीं ठाणीं एकाच टापूंत पाहून नवखा मनुष्य थक्क होतो. परंतु याच टापूंत एक इस्पितळ असें आहे कीं, तेथील रोग्यास आपलें दुखणें तोंडानें सांगतां येत नाहीं. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें उभें राहिलेलें व त्यांच्या पत्नी साकरबाई यांचें नांव धारण करणारें तें जनावरांचें इस्पितळ. आणि त्याच्याच शेजारानें वाढलेलें, सन १८८६ मध्यें सुरू झालेलें मुंबईचें पशुवैद्यक कॉलेज. या कॉलेजांत आम्हीं जीं वर्षें काढलीं, त्यांतल्या एका परीक्षेची व तिच्या पाठोपाठ आलेल्या दिवाळीच्या सुटीची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों. गोष्ट सन १९७४ ची आहे.

आरंभीं एक कबुली देणें प्राप्त आहे. भूतदयेच्या कळवळ्यानें आम्ही या कॉलेजांत गेलों, असें कोणीं समजूं नये. माणसांच्या वैद्यकाच्या कॉलेजांतला प्रवेश थोड्या गुणांनीं हुकला, म्हणून आम्ही तेथें गेलों. आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी वकील झाले, कोणी शिक्षक झाले. जनावरांचा डॉक्टर आमच्यापूर्वीं कोणी झाला नव्हता. ही वार्ता ऐकून काका कांहींच बोलले नाहींत, आणि त्यांचें न बोलणें हें रागावण्याहून वाईट असे. आजी मात्र स्पष्ट म्हणाली, “अरे, मेलेलीं ढोरें चिरणार तूं! आणि मग त्याच हातांनीं देवघरांत येणार का?” तेव्हांपासून सुटींत घरीं गेलों कीं, आमचे परळचे कपडे विहिरीच्या कांठींच उतरावे लागत आणि स्नान केल्यावांचून उंबरठा ओलांडतां येत नसे.

परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाचें रूप पाहण्यासारखें असे. खाटेखालीं घोड्याची कवटी, खिडकींत बैलाचा खांद्याचा फरा, उशाशीं पुस्तकांची चळत आणि सर्व वस्तूंस फॉर्मॅलिनचा उग्र वास. तो वास अन्नासही लागतो असा आम्हांस भास होई. लहानपणीं ज्या चालीवर रूपावली घोकली, त्याच चालीवर आम्ही आतां स्नायूंचीं नांवें घोकूं. घोड्यास बरगड्यांच्या अठरा जोड्या, बैलास तेरा. गाय सुमारें २८० दिवसांनीं वितें, म्हैस ३१०, घोडी ३४०, शेळी १५० आणि कुत्री ६३ दिवसांनीं. हे आंकडे पाढ्यांसारखे म्हणतां म्हणतां पहांट होई, गिरणीचा भोंगा वाजे आणि खालच्या रस्त्यानें डबे हातांत घेतलेल्या कामगारांची रांग वाहूं लागे. त्या भोंग्यावर आम्ही घड्याळ लावीत असूं.

लेखी परीक्षेपेक्षां प्रत्यक्षाची परीक्षा कठीण. इस्पितळाच्या आवारांत नाना तऱ्हेचे रोगी येत: व्हिक्टोरिया गाडीचा लंगडा घोडा, तबेल्यांतली कास सुजलेली म्हैस, चाकाखालीं पाय सांपडलेलें कुत्रें, आणि संक्रांतीच्या सुमारास मांज्यानें पंख कापलेलीं कबुतरें. परीक्षक त्यांतलाच एखादा पुढें उभा करीत. गाईची नाडी शेपटीच्या मुळाशीं पाहावी, घोड्याची जबड्याच्या कडेशीं, कुत्र्याची मांडीच्या आंतल्या अंगास. हें पुस्तकांत दोन ओळींत लिहिलेलें असतें. परंतु घोड्यानें कान मागें टाकले म्हणजे त्या दोन ओळी कोठें जातात तें कळत नाहीं.

त्या वर्षीं तोंडी परीक्षेंत आम्हांस पोटफुगीवर प्रश्न आला. गाईला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. ती चारा जिभेनें ओढून, फारसा न चावतां गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. तिच्या चार पोटांतलें पहिलें, म्हणजे कोठीपोट, हें एक मोठें आंबवणच होय. त्यांत सूक्ष्म जंतु चारा कुजवितात आणि दिवसाकांठीं शेंकडों लिटर वायु तयार होतो, तो ढेंकरेवाटे बाहेर पडतो. पण दंवानें भिजलेला कोवळा लसूणघास रिकाम्यापोटीं फार खाल्ला गेला, तर त्या वायूचा फेंस होतो. फेंसाला ढेंकर येत नाहीं. पोट फुगत जातें, छातीचा पडदा दाबला जातो, आणि थोड्याच वेळांत जनावर गुदमरून मरतें.

हें सर्व आम्हीं सांगितलें. परीक्षकांनीं विचारलें, “जवळ हत्यार नसेल तर?” आम्ही म्हणालों, “तेल पाजावें, म्हणजे फेंस मोडतो.” “कसें पाजाल?” आम्हीं खडाखडा उत्तर दिलें: मान फार उंच करूं नये, जीभ बाहेर ओढूं नये, थोडें थोडें पाजावें, जनावर खोकलें तर लगेच थांबावें, नाहीं तर तेल श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसें बिघडतात. परीक्षकांनीं समाधानानें मान हालविली. त्या दिवशीं आम्हांस रात्रीं गाढ झोंप लागली.

परीक्षा संपल्यावर दादरहून पुण्याची गाडी धरली. बोरघाट चढतांना पूर्वीं आम्ही डोंगर व धबधबे पाहत असूं. या खेपेस ध्यानांत आलें कीं, आपली दृष्टि पालटली आहे. पुढें पुण्याहून एस. टी. नें कात्रजचा घाट ओलांडला, शिरवळ मागें पडलें, खंबाटकी चढलों. पण आमचें लक्ष रस्त्याच्या कडेनें चाललेल्या बैलांवर. हा खिल्लार उजव्या मागच्या पायानें दबतो. त्या गाईच्या बरगड्या दिसतात, बहुधा पोटांत जंत असावेत. शेजारीं बसलेले एक शेतकरी गृहस्थ बैलांचें वय सांगूं लागले: हा आदत, हा दुसा, हा चौसा, तो जुळला. जें कोष्टक आम्हीं चार रात्री जागून पाठ केलें होतें, तें या गृहस्थांस चार शब्दांत अवगत होतें! आम्हीं मात्र आपण कोण तें त्यांस सांगितलें नाहीं.

सुरूरचा फांटा सोडून गाडी वाईच्या वाटेस लागली म्हणजे पांडवगड दिसूं लागतो आणि मन हलकें होतें. वाईचे कृष्णेवरील घाट, ढोल्या गणपतीचें देऊळ, हळदीचीं हिरवींगार शेतें, आणि वरच्या अंगास मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा व घाट, हा सारा प्रदेश ज्यांनीं पाहिला असेल त्यांस अधिक सांगणें नको. आमचें गांव त्याच नदीच्या कांठीं आहे. विहिरीवर कपडे उतरले, स्नान झालें, आणि आम्ही घरांत आलों.

दुसऱ्याच दिवशीं वसुबारस होती. वाचकभगिनींस ठाऊकच आहे कीं, त्या दिवशीं दूधदुभतें व गहूं वर्ज्य. चुलीवर बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी झाली होती. गोठ्यांत कपिला व तिचें पाडस न्हाऊंमाखूं घातलेलीं, शिंगांना रंग, गळ्यांत झेंडूची माळ. आज गाईचा सण म्हणून घरांतल्या लहान मुलांनीं मळ्यांतून ओला लसूणघास भारेच्या भारे आणून तिला दिवसभर चारला होता. कोणाच्याही मनांत वावगें नव्हतें. संध्याकाळीं आजी ओवाळणीचें ताट घेऊन आली, तों कपिला मान ताणून उभी. तोंडाला फेंस, डावी भकाळी पाठीच्या कण्याच्याही वर आलेली. टिचकी मारतांच ढोलकीसारखा आवाज निघाला.

घरांतलीं सर्व माणसें आमच्याकडे पाहूं लागलीं. काकाही. आजीच्या हातांतलें निरांजन थरथरत होतें. वसुबारसेच्या दिवशीं दारची गाय दगावणें म्हणजे काय, हें आम्हांस कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती. हत्यार परळास. वाईचा दवाखाना कोसांवर, आणि तोही सणाच्या संध्याकाळीं. आम्ही ओरडलों, “गोडें तेल आणा!” बांबूचा नळा भरला, गाईची मान वर ओढली, एका हातानें तिची जीभ बाहेर खेंचली, आणि नळा तोंडांत घातला.

तोंच मागून एक हात आमच्या मनगटावर पडला. घरचा जुना गडी, त्यास आम्ही सर्व मुलें तात्या म्हणत असूं. तो हळूच म्हणाला, “दादा, जीभ सोडा तिची. मुंडी खालीं घ्या. त्याल छातींत उतरंल.”

वाचकहो, आठ दिवसांपूर्वीं हेंच वाक्य आम्हीं परीक्षकांस ऐकविलें होतें आणि शाबासकी मिळविली होती!

पुढचें काम तात्यानें सांगितलें तसें झालें. गाईचे पुढचे पाय ओट्यावर, मागचे खालीं. तिच्या तोंडांत लिंबाची आडवी काडी बांधली, म्हणजे ती चघळीत राहते व ढेंकरेस वाट होते. तेल गालाच्या कोपऱ्यांतून थोडें थोडें उतरविलें. मग आम्ही दोघांनीं आळीपाळीनें तिची डावी कूस मुठीनें चोळली. दीड तास असा गेला. शेवटीं कपिलेनें एक लांब, आंबूस वासाचा ढेंकर दिला, मग दुसरा. पोट बसूं लागलें. आजीनें तशा रात्रीं तिला व पाडसास ओवाळलें. आमचे कपडे शेणानें व तेलानें माखलेले होते. आम्ही विहिरीकडे वळलों, तों ती म्हणाली, “अंघोळ मागाहून कर. आधीं जेव.” आणि तिनें गोठ्याच्या पायरीवरच दोन पानें मांडलीं, पहिल्यानें तात्यास वाढलें, मग आम्हांस.

त्या रात्रीं घरांत ‘डॉक्टरां’चें कौतुक झालें. काकांनीं प्रथमच आमच्या अभ्यासाची विचारपूस केली. आम्ही गप्प राहिलों. तें गप्प राहणें आम्हांस त्या थंड भाकरीबरोबर गिळावें लागलें. सकाळीं उठून आम्हीं काकांस खरा प्रकार सांगितला. ते क्षणभर थांबून म्हणाले, “म्हणजे तुझ्या पुस्तकांत होतें तेंच त्याच्या हातांत होतें. आतां तुझ्याही हातांत येऊं दे.”

तात्यास आम्हीं विचारलें, “हें तुम्हांला कोणीं शिकविलें?” तो बराच वेळ दोर वळीत बसला. मग म्हणाला, “ल्हान हुतो तवा माझ्या हातानं म्हस गेली, दादा. अशीच जीभ वढली हुती.” त्याच्या शिक्षणास कॉलेज लागलें नव्हतें, पण त्याची फी त्यानें भरली होती, आणि ती आमच्या फीहून जड होती.

या गोष्टीस आतां पन्नास वर्षें होऊन गेलीं. आजी नाहीं, काका नाहींत, तात्याही नाहीं. त्या गोठ्यांत आज पुतण्याची मोटार उभी असते. परळचें कॉलेज सन २००० पासून नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठांत आहे, आणि ज्या शिरवळावरून आम्ही एस. टी. नें गेलों, तेथेंही सन १९८८ पासून पशुवैद्यक कॉलेज चालूं आहे. गांवेंच्या गांवें ओस पाडणारी बुळकांडी सन २०११ मध्यें जगांतून नाहींशी झाली. पुढें २०२२ मध्यें लंपीनें पुन्हां गोठे हादरविले. शास्त्र वाढलें, औषधें वाढलीं. पण गाय आजही तशीच गिळते आणि घास आजही तसाच फुगवितो.

म्हणून ज्यांच्या घरीं अजून दावणीला जनावर असेल, त्यांनीं सणाच्या दिवशीं तिला आधीं वाळला कडबा घालावा, मग हिरवा चारा बेतानें द्यावा. आणि औषध पाजण्याची वेळ आलीच, तर तिची जीभ ओढूं नये. आम्हीं पुढें नोकरीच्या तीस वर्षांत असंख्य गाईंस तेल पाजलें. प्रत्येक खेपेस मनगटावर तो हात जाणवला.