निळा भात आणि न आवडलेलं पुस्तक



आज एका पुस्तकावर रुसल्याची गोष्ट सांगते.

आमच्या धाकट्याला डिस्लेक्सिया आहे. तिसरीत असताना वाचनाचा तास आला की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. तेव्हा एका मैत्रिणीने रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाची पर्सी जॅक्सनची पाच पुस्तकं दिली, २००५ ते २००९ मध्ये आलेली. रायर्डन पूर्वी शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मुलालाही हीच अडचण होती आणि त्याला झोपताना सांगितलेल्या गोष्टींतून पर्सी जन्मला. आजचं न्यूयॉर्क, तिथे एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ६०० व्या मजल्यावर ग्रीक देव राहतात! पर्सीलाही अक्षरं दगा देतात, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेला. हे ऐकून आमचा पोरगा ताठ बसला होता.

सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की आम्ही दोघं वाचायला बसायचो. एक पान मी, एक ओळ तो.

मला मात्र आवडली ती पर्सीची आई, सॅली. ती गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात नोकरी करते. निळा खाद्यपदार्थ असूच शकत नाही, असं तिचा त्रासदायक नवरा एकदा म्हणतो. तेव्हापासून ती मुलासाठी निळा केक, निळ्या गोळ्या असं काय काय निळं आणते. मग मीही कुंडीतल्या गोकर्णाची गळून पडलेली फुलं गरम पाण्यात भिजवली, पाणी गाळलं आणि त्यात भात शिजवला. निळा झाला! लिंबू पिळलं की जांभळा. दर पुस्तक संपलं की आमच्याकडे निळा भात.

पाचही संपल्यावर मी मोठ्या हौसेने त्याच लेखकाची केन भावंडांची मालिका आणली. यात इजिप्तचे देव. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये स्फोट होतो, वडील नाहीसे होतात, मग ब्रुकलिनमधलं जादूचं घर. कार्टर आणि सेडी आळीपाळीने गोष्ट सांगतात, मध्येच एकमेकांना टोकतात. मला सूरच लागेना. देवांची नावं लक्षात राहीनात. एक माकड फक्त शेवटी ‘ओ’ येणारे पदार्थ खातं, त्यात फ्लेमिंगोसुद्धा! मी वाचता वाचता थबकले, पोरगा पोट धरून हसत होता.

पण खरं कारण मला उशिरा कळलं. या मुलांची आई गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेली आहे. मी पानापानांत सॅलीचं स्वयंपाकघर शोधत होते.

“राहू दे रे हे, पर्सीच पुन्हा वाचू,” मी म्हटलं. तो काही बोलला नाही. पुस्तक त्याच्या खोलीत गेलं. मला वाटलं, पडलं असेल कुठेतरी.

महिन्याभराने संध्याकाळी तो ओट्याशी येऊन उभा राहिला. “आई, आज निळा भात कर.”

“का रे?”

“पहिलं पुस्तक संपलं.”

माझ्याशिवाय वाचून संपवलेलं त्याचं ते पहिलं पुस्तक. मला ती मालिका आजही आवडत नाही, हे खरंच सांगते. पण त्या दिवशी गोकर्णाची फुलं वेचताना डोळे भरून आले होते. आता दुसरं पुस्तक चालू आहे. ‘पुढे काय झालं?’ हे आता मी त्याला विचारते.