बार्बाडोसची सुट्टी आणि न्यूटनचा गवताळ उतार

२९ जून २०२४ च्या रात्री भारतातील कोट्यवधी लोक ज्या मैदानाकडे डोळे लावून बसले होते, ते ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर टिपलेला झेल, सात धावांनी मिळालेला विश्वचषक आणि खेळपट्टीचा कण जिभेवर ठेवणारा रोहित शर्मा. बहुतेकांचे बार्बाडोसविषयीचे ज्ञान येथे सुरू होते आणि येथेच संपते. या कॅरिबियन बेटावर सुट्टी घालवावी असे ज्याला वाटेल आणि ज्याला इतिहासाचीही गोडी आहे, त्याने तेथे काय पाहावे, काय करावे, यासाठी हा धागा.

बेट लहान आहे. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी सुमारे २३. क्षेत्रफळ ४३० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईहूनही कमी. ‘बार्बाडोस’ हा पोर्तुगीज शब्द, अर्थ ‘दाढीवाले’. येथील एका जातीच्या वडाला पारंब्या फुटतात. त्या पारंब्यांवरून खलाशांनी हे नाव दिले, असे सांगतात. वडाच्या पारंब्यांत जटा पाहणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटणार नाही.

समुद्रापासून सुरुवात करावी, कारण सुट्टी त्यासाठीच असते. बेट प्रवाळी चुनखडकाचे आहे. त्यामुळे वाळू पांढरी आणि पाणी नितळ. पश्चिम किनारा शांत, तेथे पोहावे. कार्लाइल उपसागरात कासवे आणि बुडालेल्या जहाजांचे सांगाडे पाण्यात डोके घालूनही दिसतात. पूर्वेकडील बाथशेबाच्या किनाऱ्यावर मात्र अटलांटिक थेट आदळतो. तेथे लाटांवर स्वार होणारे कसलेले लोक पाहावेत, आपण पाण्यात उतरू नये. फिरायला सरकारी निळ्या बस, खासगी पिवळ्या मिनीबस आणि ‘झेड आर’ नावाच्या पांढऱ्या व्हॅन आहेत. या व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसून मोठ्या आवाजातले संगीत ऐकत जाणे हा एक स्वतंत्र अनुभव आहे.

केन्सिंग्टन ओव्हल पाहायला जाणाऱ्याने २०२४ बरोबर १९६२ चीही आठवण ठेवावी. त्या वर्षी मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटीला तडा गेला. त्यांना वाचवण्यासाठी ज्यांनी रक्त दिले, त्यांत चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते. आणि वेस्ट इंडिजचे कर्णधार, बार्बाडोसचेच सुपुत्र फ्रँक वॉरेलही होते. नऊ वर्षांनी, १९७१ मध्ये, याच शहरात सुनील गावसकरांनी दुसऱ्या डावात नाबाद ११७ धावा काढल्या.

ब्रिजटाउन आणि त्याची लष्करी छावणी २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. छावणीजवळच्या एका घरात १७५१ साली एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या आजारी सावत्र भावाबरोबर राहिला होता. अमेरिकेबाहेर त्याने केलेला हा एकमेव प्रवास, आणि याच प्रवासात त्याला देवी आल्या. त्यातून तो वाचला, म्हणजे पुढच्या आयुष्यात त्या रोगापासून सुरक्षित झाला. शहराच्या मध्यात ‘निधे इस्राएल’ हे ज्यू प्रार्थनामंदिर आहे. मूळ वास्तू १६५४ ची; १८३१ च्या चक्रीवादळात ती पडली आणि दोन वर्षांत पुन्हा उभी राहिली. ब्राझीलमधील डच वसाहत पोर्तुगीजांनी जिंकल्यावर तेथून निघालेल्या ज्यूंपैकी काही जण या बेटावर आले. ब्राझील हा तेव्हा साखरेचा मोठा प्रदेश होता, आणि बार्बाडोसची पुढची सगळी कथा साखरेचीच आहे.

इंग्रजांनी येथे १६२७ मध्ये वसाहत केली. सुरुवातीची पिके तंबाखू आणि कापूस. राबणारे हात पुष्कळसे इंग्लंड-आयर्लंडमधून कराराने किंवा सक्तीने आणलेल्या गरिबांचे. एखाद्याला धरून बेटावर पाठवणे यासाठी इंग्रजीत ‘बार्बाडोस करणे’ असे क्रियापदच रूढ झाले होते. १६४० च्या दशकात ऊस आला आणि काही वर्षांत बेटाचा चेहरा बदलला. जंगल तुटले, मळे झाले, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांची संख्या गोऱ्यांहून अधिक झाली.

साखर कशी होई, हे समजून घ्यायला मराठी वाचकाला शब्द शोधावे लागत नाहीत. चरक, चिपाड, काकवी, मळी हे सगळे आपल्या गुऱ्हाळातले आणि कारखान्यातले शब्द. फरक असा की येथे चरक पवनचक्कीवर फिरत असे. मॉर्गन लुइस येथे अशी एक चक्की अजून जपलेली आहे. तोडलेला ऊस लगेच पिळला नाही तर रस आंबतो, म्हणून हंगामात काम रात्रंदिवस चाले. पेंगुळलेल्या गुलामाची बोटे रुळांत सापडली तर हात तोडून जीव वाचवता यावा, यासाठी चरकाजवळ कुऱ्हाड ठेवलेली असे.

मळीपासून रम. येथील ‘माउंट गे’ ही रमशाळा १७०३ च्या दस्तऐवजावर आपले वय सांगते आणि जगातील सर्वांत जुनी म्हणून मिरवते. ती पाहायला पर्यटकांची गर्दी असते, आणि असायला हरकत नाही. तथापि वेळ एकाच ठिकाणासाठी असेल तर उत्तरेकडील ‘सेंट निकोलस ॲबी’ निवडावे. नावात मठ असला तरी तो मठ कधीच नव्हता. ही १६५० च्या दशकातील मळेवाल्याची गढी. तेथे वाफेवर चालणारा जुना चरक अजून ऊस पिळतो आणि काकवीपासून रम काढली जाते. गढीचा पहिला धनी बेंजामिन बेरिंजर. त्याचा शेजारी आणि भागीदार जॉन यीमन्स याच्याशी त्याचे वैर झाले, बेरिंजर मेला, आणि थोड्याच काळात यीमन्सने त्याच्या विधवेशी लग्न केले. पुढे हाच यीमन्स अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीचा गव्हर्नर झाला. बार्बाडोसचे मळेवाले तेथे गेले, ते आपल्या गुलामगिरीच्या कायद्यासह.

तो कायदा १६६१ चा. गुलामांना नियमबद्ध रीतीने मालमत्ता ठरवणारी ही संहिता पुढे जमैकाने आणि मग दक्षिण कॅरोलायनानेही नमुना म्हणून वापरली. शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकाला दोष नाही; मुद्दाम मारला तर दंड, तोही साखरेच्या वजनात मोजलेला.

बेटाच्या मध्यावर ‘गन हिल’ ही टेकडी आहे. वरून अर्धे बेट दिसते, वारा सुखद असतो, आणि खाली एका इंग्रज अधिकाऱ्याने १८६८ मध्ये खडकात कोरवलेला पांढरा सिंह आहे. छायाचित्रे सिंहाचीच निघतात. पण ही चौकी १८१८ मध्ये का बांधली? १८१६ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी रात्री, बेटावर गुलामांचा मोठा उठाव झाला. त्याचा एक पुढारी बुसा, आफ्रिकेत जन्मलेला. दुसरे नाव नॅनी ग्रिगचे: वाचता येणारी ही स्त्री वर्तमानपत्रांतील बातम्या इतरांना सांगे आणि हैतीतील गुलामांनी स्वातंत्र्य कसे मिळवले, याची आठवण देई. उसाची शेते पेटली. काही दिवसांत सैन्याने उठाव चिरडला, आणि पुन्हा असे झाल्यास वेळीच कळावे म्हणून टेकड्यांवर निशाणांनी संदेश देणाऱ्या चौक्यांची साखळी उभी राहिली. गन हिलवरचा तो सुंदर देखावा भयापोटी निवडलेला आहे. १९८५ मध्ये कार्ल ब्रूडहॅगन या शिल्पकाराने घडवलेला, तुटलेल्या साखळ्यांसह हात उंचावणारा मुक्तीचा पुतळा उभारण्यात आला. लोक त्याला बुसाच म्हणतात.

आता न्यूटन. माहितीपत्रकांच्या ठरावीक सहलींत हे ठिकाण सहसा नसते. दक्षिणेकडील क्राइस्ट चर्च परगण्यात न्यूटन नावाचा मळा होता. त्याच्या एका कोपऱ्यात, ऊस लावायला फारशी उपयोगी नसलेली उताराची जमीन. साधारण १६६० पासून १८२० पर्यंत या मळ्यावरच्या गुलामांना तेथे पुरले गेले. संख्या सुमारे ५७० असावी, असा अंदाज आहे. कोठे दगड नाही, नाव नाही. वाऱ्यावर हलणारे गवत आणि भोवती शेते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग या संशोधकांनी येथे उत्खनन केले. ज्यांनी लिहिलेला एक शब्दही मागे उरला नाही, त्यांची हाडे बोलू लागली. दातांच्या आवरणावर बालपणीच्या उपासमारीच्या रेषा मिळाल्या. काहींचे पुढचे दात आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे घासून टोकदार केलेले होते. हाडांत शिसे इतके मुरले होते की ते कोठून आले याचा शोध घ्यावा लागला. रम गाळण्याच्या भांड्यांत आणि नळ्यांत शिसे वापरले जाई, हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. रमशाळेत चाखायला मिळणाऱ्या त्या छोट्या पेल्याच्या इतिहासात हेही येते. पुढे २५ जणांच्या दातांची रासायनिक तपासणी झाली; त्यांपैकी ७ जण आफ्रिकेत जन्मलेले निघाले, बाकीचे बहुधा याच बेटावरचे.

यांत एक वृद्ध पुरुष होता. वृद्ध म्हणजे पन्नाशीचा. या मळ्यावर ते वय मोठेच. सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्याच्या आरंभी त्याला पुरले गेले. अंगावर धातूची कडी व अंगठ्या, जवळ लोखंडी सुरी आणि आफ्रिकी घडणीची मातीची चिलीम. गळ्यात माळ: कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, काचेचे मणी, कवड्या, आणि लालसर अकीकाचा एकच मोठा मणी. हा माणूस आपल्या लोकांत वैद्य किंवा देवऋषी असावा, असे हँडलर यांचे मत.

तो अकीक बहुधा खंबायतचा. गुजरातच्या डोंगरांतला दगड भाजून लाल करून त्याचे मणी घडवण्याची कला खंबायतमध्ये शतकानुशतके चालत आली आहे आणि तेथील मणी व्यापाऱ्यांच्या हातांतून आफ्रिकेपर्यंत पोहोचत. कवड्यांचा मार्ग तर अधिक सरळ आणि अधिक क्रूर आहे. मालदीवच्या कवड्या भारत-सिलोनमार्गे जहाजांच्या तळाशी भार म्हणून युरोपात जात. तेथून त्या गिनीच्या किनाऱ्यावर नेल्या जात आणि तेथे त्या नाणे होत्या. त्या देऊन माणसे विकत घेतली जात. आपल्या भाषेत ‘कवडीमोल’ म्हणजे जवळजवळ फुकट, आणि त्याच वेळी तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांचीच माळ असते. न्यूटनच्या त्या म्हाताऱ्याच्या गळ्यातही कवडी किंमत म्हणून नव्हती. ज्या शिंपल्याने त्याच्यासारख्यांचा सौदा होत होता, तोच त्याच्या माणसांनी त्याच्या गळ्यात मानाने राहू दिला. ज्यांच्याजवळ जवळजवळ काहीच नव्हते, त्यांनी एवढ्या मोलाच्या वस्तू जमिनीखाली जाऊ दिल्या.

न्यूटनच्या मालकांची कागदपत्रे लंडनमधील विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत गुलामांच्या याद्या आहेत, नावे आहेत. ‘ओल्ड डॉल’ नावाची घरकाम सांभाळणारी स्त्री तर त्या पत्रव्यवहारात ठळकपणे भेटते. आपल्या मुलीबाळींना शेतातल्या कष्टांपासून दूर ठेवण्याची तिची धडपड त्या पत्रांतून दिसते. लंडनमध्ये नावे आहेत पण थडगी नाहीत. न्यूटनला थडगी आहेत पण नावे नाहीत. कोणते हाड कोणत्या नावाचे, हे जुळवता येत नाही.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी बार्बाडोस प्रजासत्ताक झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच न्यूटन येथे स्मारक व संशोधन केंद्र उभारण्याची योजना सरकारने जाहीर केली. त्यामुळे जाण्यापूर्वी प्रवेशाची चौकशी करावी. पायात बूट हवेत, सोबत पाणी हवे. सावली फारशी नाही. पाहण्यासारखे काही नाही, असे वाटून दहा मिनिटांत परतणारे परततील. ज्याने वरचे सगळे वाचले आहे, त्याला तेथे अर्धा तास उभे राहणेही कमी पडेल.

जमल्यास हे शुक्रवारी करावे. न्यूटनपासून काही किलोमीटरवर ऑइस्टिन्स हे मच्छीमारांचे गाव आहे आणि शुक्रवारी रात्री तेथे जत्रा भरते: निखाऱ्यांवरचे ताजे मासे, रम, नाच, स्थानिक आणि पाहुणे एकाच बाकावर. उडणारा मासा आणि मक्याच्या पिठात भेंडी घालून शिजवलेला ‘कू-कू’ हे येथील राष्ट्रीय जेवण. आपल्या उकडीची आठवण करून देणारे, चवीला सौम्य. ते अवश्य खावे. याच ऑइस्टिन्समध्ये जानेवारी १६५२ मध्ये एका खानावळीत करार झाला होता. क्रॉमवेलच्या पक्षाच्या आरमाराला शरण जाताना बेटावरच्या मळेवाल्यांनी काही हक्क लिहून घेतले: धर्माचे स्वातंत्र्य, मुक्त व्यापार, आणि आपल्या प्रतिनिधीसभेच्या संमतीशिवाय कर नाही. नऊ वर्षांनी गुलामांविषयीचा तो कायदा मंजूर केला, तो याच सभेने.