स्पार्क कुठे अडला?
अब्बांच्या जुन्या मारुती ८००चा सेल्फ घरघरत होता, इंजिन फिरत होतं, पण गाडी सुरू होईना. मेकॅनिकने बोनेट न उघडताच कॉइल बदला म्हणून सांगितलं. सोमवारी अम्मीचं डायलिसिस, खिशात पैसे मोजके. म्हटलं, आधी बघू तरी.

प्लग काढून वायरीला जोडला, त्याची बॉडी इंजिनच्या धातूला टेकवली. भाच्याने सेल्फ मारला. तिन्ही प्लगवर ठिणगी नाही. मग कॉइलची जाड वायर धातूजवळ धरली (रबरी मुठीच्या पक्कडीनेच, झटका हजारो व्होल्टचा असतो!) आणि निळी ठिणगी कडाडली. म्हणजे कॉइल शाबूत!

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली. आत केसाएवढी चीर, त्यात काजळी. करंट प्लगपर्यंत पोचण्याआधीच तिथून गळत होता.

नवी कॅप कॉइलपेक्षा स्वस्त पडली. सोमवारी अम्मी मागच्या सीटवर तस्बीह घेऊन बसली.