वाटीतले केक

चिखली, जि. बुलढाणा
रविवार

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून डोक्यात तेच. लेकीच्या वाढदिवसाचे लहान केक एका साच्यापायी अडले म्हणे! काहून अडावे वो? मांडणीवर एकसारख्या आठ वाट्या आहेत ना? झालं तर मग.

मी पहिल्यांदा केले तेव्हा नुसते कागदी कप ताटात मांडले, पीठ ओतलं आणि ताट कढईत ठेवलं. कागद तो कागद, भाराने फाकला आणि आठ केकांची मिळून एक जाड भाकर झाली. तुझ्या काकांनी ती दोन दिवस चहासोबत खाल्ली, बिचाऱ्यांनी नाव ठेवलं नाही. तेव्हापासून कप वाटीत बसवते. कागद नसला तर वाटीला आतून तूप लावून मैदा भुरभुरायचा, केक अलगद सुटतो. इडलीपात्राच्या नादी लागू नकोस. खळगे उथळ, केक चपटे होतात नि कडा वाळतात. आप्पेपात्रात बूड करपतं, वरून कच्चं राहतं. उलटावं तर तो गोड आप्पाच झाला.

दीड वाटी मैदा, पाऊण वाटी पिठीसाखर, वाटीभर दही, अर्धी वाटी तेल, चहाचा एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा. सोडा दह्याला लागला की लगेच फसफसतो, म्हणून कढई आधी तापवून ठेव. जाड बुडाची घे. कोरड्या आचेवर मला कुकर खराब करायचा नाही. तळाला वाटीभर मीठ, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, दहा मिनिटं. मग वाट्या दोन तृतीयांश भरून आत ठेव. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. मध्ये सुरी खुपसून बघ, कोरडी निघाली की झाले. वाट्या मात्र एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर लहानीतला करपतो तोवर मोठीतला कच्चाच. आणि लाइन गेली तरी कढईचं काही अडत नाही, बाप्पा!

या केकाचं मूळही वाटीतच आहे बरं. 1796 साली अमेरिकेत अमेलिया सिमन्स या बाईंनी पाककृतींचं पुस्तक छापलं, त्यात लहान कपांत भाजायचा हलका केक दिला आहे. आपल्या वऱ्हाडात तर भाजायला भांडंच लागत नाही. पानगे आठव. कणकेला खालीवर पळसाचं पान, की गेले गोवऱ्यांच्या आरात. पान हाच साचा. रोडग्याला तर तेही नको.

चिनी मातीचे चहाचे कप मात्र घेऊ नकोस, आचेने तडकतात. स्टीलच्याच घे. आणि केक निघाले की वाट्या लगेच पाण्यात घाल, रात्री वरणाला त्याच लागतील.

तुझी
मावशी