षड्ज राखून ठेवताना

थरारपटाच्या पार्श्वसंगीताचं काम भीती वाढवण्याचं नाही, दिलासा लांबवण्याचं आहे. हिंगोलीच्या कॉलेजातल्या मुलांच्या लघुपटाला संगीत देताना हे मला फार जवळून कळलं.

कथा वसमतची. हळदीच्या गोदामात रात्रपाळीला आलेल्या पोराला जाणवतं, आत आधीच कुणीतरी आहे. मुलांचा आग्रह होता, “दादा, मागं सारखं कायतरी वाजू द्या.” मी त्यांना बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ (1960) आणि यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ (1969) पाहायला सांगितलं. दोन्हींत एकही गाणं नाही. पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. त्याच 1960 सालच्या ‘सायको’त बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यं वापरली. साधनं कमी केली की प्रत्येक स्वराला जाब द्यावा लागतो.

आमचं पहिलं वाद्य गोदामातच सापडलं. पॉलिशच्या ड्रमात हळकुंडं एकमेकांवर घासतात, तो आवाज आम्ही ध्वनिमुद्रित केला. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली उतरतो. दोनदा उतरवल्यावर ओळखीची खडखड अनोळखी घरघर झाली. हळदीच्या भागातल्या माणसाला ती कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते, पण कुठं ते आठवत नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

वर व्हायोलिनवर मारवा. रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य आणि षड्ज अगदी जपून. पण तानपुरा नसेल तर कान धैवतालाच षड्ज मानून स्वस्थ होतो, आणि तो सतत असेल तर घरचा पत्ता सांगत राहतो. म्हणून श्रेयनामावलीवर तानपुरा वाजवला, षड्ज कानात मुरू दिला आणि गोदामाचं दार उघडताच तो काढून घेतला. तिथून पुढं प्रेक्षक त्या स्वराची वाट पाहतो, आपण वाट पाहतोय हे न कळता.

लयीचंही तसंच. सेकंदाला 25 फ्रेम आणि मिनिटाला 75 मात्रा धरल्या, तर एक मात्रा बरोबर 20 फ्रेमची होते. कट मात्रेवर पडला की प्रेक्षक सावरतो; थोडा आधी पडला की दचकतो. संकलन करणाऱ्या मुलीला हे गणित फार आवडलं.

पोरगा बाहेर पडतो तेव्हा षड्ज द्यायचा का, यावर आमचा वाद झाला. मी दिला. प्रेक्षकाकडून जे काढून घेतलं, ते योग्य क्षणी परत करणं ही संगीतकाराची जबाबदारी आहे. नाहीतर तो थरार नव्हे, नुसता छळ.